बुधवारी प्राणिसंग्रहालय बंद का असतं?

कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाच्या गेटवर बुधवारी जाऊन उभं राहा, अर्ध्या तासात एक तरी हिरमुसलेलं कुटुंब दिसतंच. मी पाहिलं ते सोलापूरहून आलेलं होतं. आजी, दोन पोरं, हातात चिवड्याची पिशवी. वडील वॉचमनला विनवत होते, "अहो दादा, एवढ्या लांबून आलोय, पाच मिनिटं वाघ दाखवा की." वॉचमनचं उत्तर पाठ झालेलं, "काका, बुधवार आहे. आत कुणी नाही." धाकटीनं लगेच विचारलं, "कुणी नाही म्हणजे वाघपण नाही?"

वाघ असतो. त्याच्यामागे राबणारी माणसंही असतात. नसतो तो फक्त प्रेक्षक, आणि नेमकं तेच त्या दिवशी हवं असतं.

मुंबईत राणीच्या बागेतही, म्हणजे भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, हाच वार बंदचा. तिथं बुधवारी सरकारी सुट्टी आली तर बाग उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद करतात. दिवस बदलला तरी बंद चुकत नाही, कारण तो नियमच आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली प्राणिसंग्रहालयांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं, १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं, आणि त्याची मान्यता नसेल तर देशात कुणालाही प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. मान्यतेचे २००९चे जे नियम आहेत, त्यांत आठवड्यातून किमान एक दिवस प्रेक्षकांना बंदी सांगितलेली आहे. प्राण्यांना शांतता मिळावी हा हेतू आहेच. पण फांद्या छाटणं, खंदकातला गाळ काढणं, जाळी वेल्ड करणं, एखाद्या जनावराला दुसरीकडे हलवणं ही कामं शाळेच्या सहली चालू असताना करायची तरी कशी?

प्राणिसंग्रहालय चालवणं अवघड का, याचं उत्तर या बंद दिवसातच आहे. तिकीट काढून आलेल्याला प्राणी समोर, जवळ, हलताना दिसायला हवा असतो. प्राण्याला मात्र लपायला जागा, ठरलेली दिनचर्या आणि मागच्या बाजूला चोख व्यवस्था लागते. पहिल्यावर लोकांची खुशी अवलंबून आणि दुसऱ्यावर जनावराचा जीव. दोन्हींचा खर्च एकाच बजेटातून.

माझ्या पिढीच्या पुणेकरांना सारसबागेशेजारचं पेशवे पार्क आठवतं. फुलराणी या छोट्या आगगाडीची शिट्टी, हत्ती, आणि पिंजऱ्यात येरझाऱ्या घालणारा वाघ. आम्हाला तो केवढा रुबाबदार वाटायचा! एकाच रेघेवरून, एकाच कोपऱ्यावर वळत तासन्तास चालत राहणं हे ताणाचं आणि कोंडलेपणाचं लक्षण असतं, हे पुष्कळ उशिरा कळलं. १९९९ साली कात्रजचं प्राणिसंग्रहालय उभं राहिलं आणि पेशवे पार्कातले प्राणी तिकडे गेले. गजांच्या जागी खंदक आले, सिमेंटच्या जागी माती आणि बांबू आले. तेव्हापासून लोकांची तक्रार एकच : "वाघ दिसतच नाही हो."

प्राधिकरणाच्या निकषाप्रमाणे वाघाच्या जोडीला मोकळी जागा लागते किमान १००० चौरस मीटर. आपल्या हिशेबात साधारण दहा गुंठे. जंगलातल्या वाघिणीचा टापू वीसेक चौरस किलोमीटरचा सहज असतो. हा फरक कुठलीही महापालिका जागा देऊन भरून काढू शकत नाही. मग तो डोकं लढवून भरायचा. मांस रोज त्याच जागी ठेवायचं नाही, लपवायचं. ओंडके बदलायचे, पाण्याचं टाकं खेळायला द्यायचं, नवा वास पसरवायचा, अस्वलाला मध ओंडक्याच्या फटीत लावून द्यायचा. उन्हाळ्यात पेपरात फोटो येतो, माकडाच्या हातात फळं गोठवलेला बर्फाचा गोळा. तो फोटो गोड असतोच, पण त्यामागचा हेतू गारव्याइतकाच उद्योगाचा असतो. जे खाणं दोन मिनिटांत संपलं असतं त्याला अर्धा तास झटावं लागतं.

आता मागच्या बाजूला जाऊ. आपल्याला दिसतं ते वाघाचं अंगण. त्याच्या पाठीमागे खोल्यांची रांग असते, तिला रात्रनिवारा म्हणतात. दोहोंमध्ये सरकतं लोखंडी दार, जे बाहेर उभं राहूनच ओढायचं असतं. संध्याकाळी मांस आत ठेवतात, वाघ त्याच्यामागे आत येतो, दार सरकतं, कुलूप लागतं. वाघाला रोज न चुकता आत यायची सवय असणं हा सगळ्या कारभाराचा कणा आहे. ज्या दिवशी तो आत येत नाही, त्या दिवशी प्राणिरक्षकाला घरी जायला उशीर होतो.

सकाळी प्राणिरक्षक पहिल्यांदा मोजतो. या खोलीत एक, त्या खोलीत दोन. डोळ्यांनी बघून, वहीत लिहून. मग कुलूप हातानं हिसडून बघतो. त्यानंतरच अंगणात उतरतो, झाडतो, पाणी बदलतो, कुंपणाशेजारच्या झाडाची फांदी आत झुकलेली नाही ना हे पाहतो, गवतातून वेफर्सची पाकिटं उचलतो. बाहेर येऊन आपलं दार लावतो आणि मग वाघाचं दार उघडतो. दहा वर्षं रोज तेच. धोका या 'रोज तेच'मध्येच असतो, कारण हात आपोआप चालतात आणि डोकं भलतीकडे असतं. मार्च २०२४ मध्ये कात्रजला कर्नाटकातून आणलेला एक बिबट्या विलगीकरणाच्या पिंजऱ्यातून निसटला. तो आवाराबाहेर गेला नव्हता, पण सापडायला दीड दिवसाच्या वर लागला. आजूबाजूला दाट वस्ती. तोवर तिथल्या लोकांना झोप कशी लागली असेल, विचार करा.

हाच प्राणिरक्षक खरा पहिला डॉक्टर. मांस किती उरलं, विष्ठा कशी आहे, उठताना पाय कुठला जड टाकला, हे तो बघतो. रानटी जनावर आजार लपवतं. कळपात किंवा जंगलात अशक्त दिसणं म्हणजे मरण, हे त्याच्या रक्तात असतं. त्यामुळे सिंह 'आजारी दिसायला' लागतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. आणि तपासायचं तरी कसं? भूल द्यायची तर डार्ट, म्हणजे लांबून भुलीची सुई मारायची, आणि म्हाताऱ्या किंवा आजारी जनावराला भूल हाच मोठा धोका. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी प्राण्यांना शिकवतात. मांसाचा तुकडा दाखवून वाघाला जाळीला अंग लावून बसवायचं, शेपटी खालच्या फटीतून बाहेर घ्यायची आणि शेपटीच्या शिरेतून रक्त काढायचं. महिनोन्महिने रोज थोडी थोडी सवय लावल्यावर हे जमतं. त्यासाठी तोच माणूस त्याच जनावरापाशी टिकायला हवा. कंत्राटी कामगार दर अकरा महिन्यांनी बदलत असतील तर वाघानं विश्वास ठेवायचा कुणावर?

खाण्याचं प्रकरण वरवर सोपं वाटतं. वाघाला दिवसाला आठ-दहा किलो मांस, तेही हाडांसकट. नुसतं मऊ मांस खाल्लं तर शरीराला कॅल्शियम मिळत नाही, आणि बछड्यांची हाडं वेडीवाकडी होतात. आठवड्यातून एक दिवस उपास, कारण जंगलातही रोज शिकार मिळत नाही. मांस येतं म्हशी-रेड्यांचं. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हणजे पर्याय आणखी कमी. तो पुरवठा अडला की कोंबडीवर वेळ येते. आणि हे सगळं निविदा काढून घ्यायचं. निविदेचा नियम आपल्याला ठाऊक आहे : कमीत कमी दरवाल्याला काम. रस्त्यावरच्या खडीला हा नियम लावल्यावर काय होतं ते आपण पावसाळ्यात बघतोच. माझ्या मते वाघाच्या ताटाला तरी तो लावू नये.

कारण ताटातून फक्त अन्न येत नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि निदान आलं बर्ड फ्लूचं, एच५एन१. पक्ष्यांचा आजार वाघाला? संशयाची सुई कोंबडीच्या मांसाकडे वळली. त्यातले वाघ चंद्रपूर भागात माणसांशी संघर्ष झाला म्हणून पकडून आणलेले होते. पुढे मे २०२५ मध्ये गोरखपूरच्या प्राणिसंग्रहालयातली वाघीण त्याच विषाणूनं गेली आणि उत्तर प्रदेशातली प्राणिसंग्रहालयं काही काळ बंद ठेवावी लागली.

जुलै २०२५ मध्ये पाळी कात्रजची आली. आठवड्याभरात १६ चितळं मेली. कारण निघालं लाळ्या-खुरकूत. हा शब्द शेतकऱ्याच्या घरात कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. गोठ्यातला रोग. तो चाऱ्यातून, गाडीच्या चाकांवरून, माणसाच्या चपलेवरूनही प्रवास करतो. ज्या प्राणिसंग्रहालयाभोवती एकेकाळी माळरान होतं, त्याच्या भिंतीला आज घरं टेकलेली आहेत. त्यांच्यासोबत गाईगुरं आली, भटकी कुत्री आली आणि उंदीरही आले.

उंदीर सहज म्हणून लिहिलेला नाही. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात शंकर नावाचा आफ्रिकन हत्ती होता, झिम्बाब्वेनं राष्ट्रपतींना भेट दिलेला. त्याची जोडीदारीण गेल्यावर तो वीस वर्षांहून जास्त काळ एकटा राहिला. हत्ती किती माणसाळू आणि कळपवेडा प्राणी, हे सांगायला नको. त्याला ठेवण्याच्या पद्धतीवरून प्राणिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेनं ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीचं सदस्यत्व स्थगित केलं. सप्टेंबर २०२५ मध्ये शंकर गेला, आणि मृत्यूमागे उंदरांमार्फत पसरणारा एक विषाणू असल्याचं तपासणीत आढळलं. प्राधिकरणानं तर २००९ सालीच सांगितलं होतं की हत्ती प्राणिसंग्रहालयात ठेवू नयेत, त्यांना मोकळ्या शिबिरांत हलवावं. कागद तेव्हाच निघाला, पण हत्तीला नवं घर शोधणं म्हणजे बिऱ्हाड हलवणं नव्हे.

मृत्यूइतकाच, कधीकधी त्याहून जास्त, जन्मांचा ताप असतो. हे ऐकायला विचित्र वाटतं. पेपरात 'प्राणिसंग्रहालयात पाळणा हलला' असं छापून येतं, नगरसेवक बारशाला जातात, आणि आतले लोक मनात हिशेब करत असतात की हा मोठा झाल्यावर ठेवायचा कुठं. दिल्लीच्या हौजखासच्या मृगोद्यानाचं उदाहरण बघा. मूठभर हरणांपासून सुरू झालेला कळप वाढत वाढत सुमारे ६०० वर गेला, आणि २०२३ मध्ये प्राधिकरणानं त्याची मान्यताच काढून घेतली. आता ती हरणं जंगलात सोडायची तर आधी रोगांची तपासणी, मग पकडणं. चितळ इतकं घाबरट, की पकडताना नुसत्या धसक्यानं मरू शकतं.

यावर डेन्मार्कनं दिलेलं उत्तर जगभर गाजलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयानं मारियस नावाचा धडधाकट तरुण जिराफ मारला, लोकांसमोर त्याचं शवविच्छेदन केलं आणि मांस सिंहांना घातलं. त्यांचं म्हणणं असं, की त्याच्या रक्ताचे जिराफ युरोपात आधीच भरपूर आहेत. त्याला ठेवलं तर पुढे सख्ख्या नात्यात प्रजनन होईल. आणि प्राण्यांना पिल्लं होऊ न देणं हेसुद्धा क्रूरच. तर्क पटो न पटो, लपवाछपवी नव्हती. आपल्याकडे असं करता येत नाही, करूही नये असं बहुतेकांना वाटतं, मलाही वाटतं. पण मग नर-मादी वेगळे ठेवणं, नसबंदी आणि म्हाताऱ्या जनावरांना शेवटपर्यंत सांभाळणं, याचा खर्च मुकाट्यानं सोसायला हवा.

त्यात बाहेरून येणारे वेगळेच. उसाच्या फडात सापडलेले बिबट्याचे बछडे, गावानं पकडून दिलेला बिबट्या. जुन्नरजवळच्या माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र सगळ्यांना माहीत आहे, पण पिंजरे तिथंही मोजकेच. जंगलात परत सोडता येत नाही असा बिबट्या बारा-पंधरा वर्षं सहज जगतो.

मघाशी सख्ख्या नात्यातल्या प्रजननाचा विषय निघाला. पांढऱ्या वाघासमोर सगळ्यात जास्त गर्दी असते. पण पांढरा वाघ ही वेगळी जात नाही. १९५१ साली रेवाच्या महाराजांनी पकडलेल्या मोहन नावाच्या वाघाला त्याच्याच मुलीशी जोडून ही पैदास सुरू झाली. पुढे तिरळे डोळे आणि इतर व्यंगं मागे लागली. तो जंगल वाचवायला काडीचा उपयोगी नाही, पण गल्ल्याला आहे. सिंहांचं त्याच्या उलट झालं. एका काळात काही भारतीय प्राणिसंग्रहालयांत आशियाई आणि आफ्रिकन सिंहांची सरमिसळ झाली आणि ते संकरित सिंह पुढे वाढू न देता म्हातारे होऊ द्यावे लागले. म्हणून आता प्रत्येक महत्त्वाच्या जातीची वंशावळ नोंदवली जाते, आपल्याकडे कुळाची नामावळ लिहून ठेवत तशीच. कुणाचं कुणाशी जमवायचं ते त्यावरून ठरतं. २०२२ मध्ये बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानानं गुजरातला वाघांची जोडी देऊन सिंहांची जोडी आणली, ती अशाच देवाणघेवाणीतून. प्राणी विकत घेणं-विकणं या व्यवहारात बसत नाही. मंजुऱ्या, मजबूत पिंजरे, सोबत डॉक्टर आणि उन्हं टाळून प्रवास, अशी ती सोयरीक असते.

पैशाचं बोलायचं तर राणीच्या बागेचे पेंग्विन घेऊ. त्यांच्यावरून रंगलेलं राजकारण सोडून देऊ, नुसता हिशेब बघू. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. ऑक्टोबरमध्ये त्यांतली एक मादी दगावली आणि भरपूर टीका झाली. हे पक्षी पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. मुंबईत त्यांच्यासाठी चोवीस तास सोळा-अठरा अंशांचं थंड घर, गाळलेलं पाणी आणि गोठवलेले मासे लागतात. गोठवलेल्या माशांमधलं बी-१ जीवनसत्त्व नाहीसं होतं, म्हणून माशात गोळी घालून द्यावी लागते. २०२१ मध्ये तीन वर्षांच्या देखभालीचा अंदाज १५ कोटींच्या घरात होता. दुसऱ्या बाजूला २०१७ मध्ये तिकीट पाच रुपयांवरून पन्नासवर गेलं, आणि बागेचं उत्पन्न वर्षाला काही लाखांवरून काही कोटींवर पोचलं. म्हणजे पेंग्विन तोट्यात की फायद्यात? नुसत्या वहीवरून सांगता येत नाही. जो प्राणी गर्दी खेचतो तो बाकीच्यांना पोसतो, असं म्हणता येतं. पण पेंग्विनच्या कक्षात वातानुकूलन आणि कोपऱ्यातल्या तरसाच्या रात्रनिवाऱ्याचं छत मात्र गळकं, असं कुठं झालं तर त्याच पैशानं पक्षपात केला असंही म्हणता येतं.

२०२० च्या टाळेबंदीत हे सगळं उघडं पडलं. गेट बंद, तिकीट शून्य, पण वाघाची भूक तेवढीच. कारखाना बंद ठेवला तर कच्चा माल थांबवता येतो. इथं थांबवता येतं ते फक्त तिकीट.

मग हा खटाटोप करायचा कशाला, असा प्रश्न मलाही पडतो, आणि माझं उत्तर जनावरागणिक बदलतं. अमेरिकेतले कॅलिफोर्निया कॉन्डॉर गिधाड १९८७ मध्ये फक्त २७ उरले होते. ते सगळे पकडून, पिंजऱ्यात वाढवून, पुन्हा आभाळात सोडले. हरियाणातल्या पिंजोरला आपल्या गिधाडांसाठी तेच चाललंय. दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयात जन्मलेले लाल पांडा सिंगालीलाच्या जंगलात सोडले गेले. अशा कामासाठी पिंजरा मान्य. पण ज्या जनावरांना कधीच परत जायचं नाही आणि ज्यांच्या कक्षाबाहेरची पाटीसुद्धा कुणी वाचत नाही, त्यांच्याबाबतीत माझ्यापाशी ठाम उत्तर नाही.

सोलापूरचं कुटुंब मुक्कामाला थांबलं होतं. गुरुवारी सकाळी ते मला आत वाघाच्या खंदकापाशी पुन्हा भेटलं. वडील मोबाइल सरसावून उभे. समोर नुसता बांबू आणि दुपारच्या आधीचं ऊन. "काल बंद, आज झोपलेला," आजी म्हणाल्या. शेजारच्या एका पोरानं शिट्टी मारली, दुसऱ्यानं खडा उचलला, तेवढ्यात मागून प्राणिरक्षकाचा आवाज आला, "ए, टाक तो खाली." मग तो त्या धाकटीजवळ येऊन वाकला आणि बांबूच्या मुळाशी बोट दाखवलं. "तिकडं बघ. काळा ठिपका दिसतो? थांब जरा. तो कान आहे त्याचा. हलला बघ."